बानाखताआधी घर तपासून घ्या

बडोद्यात जुनं घर घेणाऱ्याच्या हातात दोन रिपोर्ट येतात. एक वकिलाचा, टायटल क्लिअर असल्याचा. दुसरा बँकेच्या व्हॅल्युअरचा. हे दोन आले की घरात पेढ्यांची भाषा सुरू होते आणि सगळे म्हणू लागतात, घर तपासून झालं. पण घर अजून कोणी तपासलेलंच नसतं. वकील कागद बघतो: मालक कोण, बोजा आहे का, वारस किती. व्हॅल्युअर लांबी-रुंदी मोजतो, चार फोटो काढतो आणि कर्ज थकलं तर हे घर विकून बँकेचे पैसे निघतील का, एवढं लिहून देतो. ते त्याचं काम आहे आणि तो ते नीट करतो. स्लॅबमधली सळई गंजलीय का, बाथरूमचं पाणी कुठे मुरतंय, अर्थिंग आहे की नुसतं तीन भोकांचं सॉकेट आहे, हे बघायला त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत अठ्ठावीस वर्षं गेली. तरी माझ्या सख्ख्या भाचीचा फोन आला तो बानाखताच्या आदल्या संध्याकाळी. "आत्या, मांजलपूरचं टेनामेंट ठरलं. उद्या अकराला बानाखत आहे. तू एकदा नजर टाकून जाशील का?" (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, बानाखत म्हणजे तुमचं साठेखत, खरेदीखताआधीचा करार. आणि टेनामेंट म्हणजे चाळ नव्हे. ओळीत बांधलेलं, स्वतःच्या जमिनीवरचं, पुढेमागे थोडं अंगण असलेलं घर.) मी तिला म्हटलं, नजर टाकायला उद्या येते, पण बानाखत आठ दिवस पुढे ढकल. ती नाराज झाली. मालक चांगले आहेत, वयस्कर आहेत, काही लपवणारे नाहीत, असं म्हणाली. ते खरंही होतं. पण प्रश्न लपवण्याचा नसतोच.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्यावर एक बंधन आहे: घरातला किंवा मालकीतला मोठा दोष त्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला माहीत नसेल, तर त्यानं तो सांगायलाच हवा. लोक इथपर्यंत वाचतात आणि निर्धास्त होतात. पुढची अट महत्त्वाची आहे. साधारण काळजी घेऊन घेणाऱ्याला जो दोष स्वतःच सापडू शकला असता, तो सांगायचं बंधन विकणाऱ्यावर नाही. म्हणजे भिंतीवरचा ओलीचा डाग कपाटामागे असेल आणि तुम्ही कपाटामागे बघितलं नसेल, तर उद्या भांडताना तुमची बाजू लंगडी पडते. शिवाय मालकालाच जे माहीत नाही, ते तो सांगणार कुठून? वीस वर्षं त्याच भिंती बघणाऱ्याला त्यांच्यावरचे डाग दिसेनासे होतात.

बिल्डरकडून नवं घर घेतलंत तर परिस्थिती थोडी बरी आहे. रेरा कायद्याच्या, म्हणजे २०१६ च्या कायद्याच्या, कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष किंवा कामाच्या दर्जातली खोट दाखवून दिली, तर बिल्डरनं ती तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायची असते. तक्रार मात्र लेखी हवी. नव्या फ्लॅटवाल्यांना मी नेहमी सांगते की साडेचार वर्षं झाली की एकदा इंजिनिअर बोलवा, घर पुन्हा नवं असल्यासारखं तपासून घ्या आणि यादी पाठवून द्या. प्रकल्प घेताना तो गुजरेराच्या, म्हणजे गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या, नोंदीत आहे ना, तेही पाहून ठेवा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठ युनिटपर्यंतच्या छोट्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्याकडे गल्लोगल्ली असे छोटे प्रकल्प उभे आहेत. रिसेलमध्ये, म्हणजे माणसाकडून माणूस घर घेतो तेव्हा, एवढाही आधार सहसा नसतो. तिथे तपासणी आपली आपणच करायची.

ती कुठून सुरू करायची? पाण्यापासून. घराची बहुतेक दुखणी पाण्यानं येतात, आणि बडोद्यात तर पहिला प्रश्न घराच्या बाहेरच विचारायचा असतो: २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि २०२४ ला कुठपर्यंत? ३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली, समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोट्याकडच्या सोसायट्यांमध्ये लोक वरच्या मजल्यांवर अडकले. हा प्रश्न मालकाला आणि दलालाला विचारा, पण उत्तर शेजाऱ्याकडून, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून, दूधवाल्याकडून घ्या. त्यांना काही विकायचं नसतं. मग घरात येऊन खूण शोधा. भिंत रंगवता येते, पण फाटकाची खालची बिजागरी, मीटरच्या पेटीचा तळ, लाकडी चौकटीचं फुगलेलं टोक, माळ्याखालच्या कपाटाचा मागचा प्लाय कोणी रंगवत नाही. पुराचं पाणी रस्त्यावरून येतं तसं ड्रेनेजच्या चेंबरमधून उलटही येतं, म्हणून चेंबरचं झाकण उघडून बघा. अंगणातली जमिनीखालची पिण्याची टाकी आणि ते चेंबर शेजारी शेजारी असतील तर टाकी हलवण्याचा खर्च आत्ताच हिशोबात धरा.

आता घराच्या आतला ओलावा. तो कुठे आहे यावरून तो कुठून येतो ते बरंचसं कळतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंतीला लोणा लागलाय, रंग पापुद्र्यासारखा सुटतोय, हात लावला की पांढरी पूड येते, तर पाणी पायातून वर चढतंय. छताच्या मधोमध पिवळट वर्तुळ असेल तर वर बाथरूम किंवा गच्ची आहे. बाहेरच्या भिंतीवर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात डाग असेल तर पावसाचा मार चौकटीतून आत येतोय. यातलं शेवटचं दुखणं स्वस्त. पायातून चढणारी ओल मात्र चिवट असते. नुसत्या रंगानं ती कधीच जात नाही, दोन पावसाळ्यांत परत वर येते. आणि चार खोल्या जुन्या रंगाच्या असताना एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली, तर त्या भिंतीपाशी जास्त वेळ थांबा.

भाचीच्या त्या टेनामेंटमध्ये जिन्याजवळच्या भिंतीला हात लावला तर गार लागत होती. ओल भिंतीतून येतेय की खोलीतला दमटपणा भिंतीवर जमतोय, हे हातानं सांगता येत नाही. त्यासाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही. मी फूटभर लांब-रुंद, जाडसर पारदर्शक प्लॅस्टिक घेतलं, भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं हवाबंद केल्या आणि मालकांना म्हटलं, उद्यापर्यंत राहू द्या. चोवीस तासांनी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर ते हवेतलं आहे, खिडकी उघडी ठेवून भागेल. दुसऱ्या दिवशी थेंब आत होते, आणि ते वरून खाली ओघळले होते. म्हणून आम्ही वर गेलो.

वर जाण्याआधी तड्यांबद्दल सांगते, कारण घर बघायला गेलेला माणूस ओलीपेक्षा तड्यांना जास्त घाबरतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या तड्याला घाबरतो. प्लॅस्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या बारीक भेगा असतील तर ते प्लॅस्टर लवकर वाळल्याचं लक्षण. कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे सरळ उभी भेग असेल तर दोन वेगळ्या गोष्टी उन्हात कमी-जास्त पसरतात एवढंच. तिथे जाळी मारून प्लॅस्टर केलं की काम होतं. काळजीची भेग तिरकी असते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी चढते, आणि बाहेरून बघितलं तर त्याच जागी भिंतीच्या दुसऱ्या अंगालाही दिसते. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. ते कार्ड भेगेत सहज जात असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. रुंदीपेक्षाही भेग जिवंत आहे का, ते कळणं महत्त्वाचं. राहत्या घरात आम्ही भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून काही महिने वाट बघतो, ती तडकली तर भेग हलतेय. घेणाऱ्याकडे एवढे महिने नसतात. त्याच्यासाठी जवळची खूण अशी की पूर्वी पुट्टी भरलेली भेग परत उघडलीय का ते बघायचं. उघडली असेल तर उत्तर मिळालं.

आपल्याकडे ही तिरकी भेग पडायचं मोठं कारण काळी माती. बडोद्याच्या आणि आसपासच्या पुष्कळ भागात ती आहे. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घर तिच्यावर बसलेलं असतं, म्हणून घराचे कोपरेही वर्षातून एकदा थोडे वर जातात, थोडे खाली. फुगणं-आकसणं साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालतं. त्याच्याखाली माती स्थिर असते, म्हणून रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं खोल जाणाऱ्या आणि तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेल्या पाइल्सची, म्हणजे जमिनीतल्या काँक्रीटच्या खांबांची, पद्धत बसवून दिली. पण जुन्या टेनामेंटांचे पाये बहुधा उथळ. अशा घराचा एकच कोपरा खचला असेल तर भिंतीआधी तिथली जमीन बघा. तिथे पावसाळी पाइप थेट पायाशी सुटलाय का, ड्रेनेज फुटलंय का, भिंतीला लागून मोठं झाड आहे का? मी अशी घरं पाहिली आहेत जिथे भिंतीवर लाखांचा खर्च झाला आणि भेग परत आली, मग गटाराची पाइपलाइन बदलली आणि भेग थांबली. घराभोवती दोन-तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा, ज्याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात, तो नीट असणं अशा मातीत फार मोलाचं असतं.

तर आम्ही वर गेलो. जिन्याजवळच्या स्लॅबवर दोन हजार लिटरची सिमेंटची टाकी होती, आणि तिच्या बरोब्बर खाली मालक आजी-आजोबांची निजायची खोली. खोलीच्या छताला थर्माकोलच्या शोभेच्या फरश्या चिकटवलेल्या. एक फरशी मालकांच्या परवानगीनं काढली. आत काँक्रीटचा तळव्याएवढा तुकडा सुटून लोंबत होता आणि वर सळई दिसत होती, तपकिरी, पापुद्रे निघालेली. असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे कुठलाही स्लॅब तुम्ही वेगळ्या नजरेनं बघाल. नव्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश भरपूर असतो, ते खूप अल्कली असतं, आणि त्या अल्कलीमुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर धरून राहतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि हा अल्कलीपणा बाहेरून आत संपवत जातो. ती सीमा सळईपर्यंत पोचली आणि वरून पाणी मिळालं, की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो. आतून फुगून तो काँक्रीटचं कवच फोडतो. म्हणून सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग छताला दिसली तर ती प्लॅस्टरची समजू नका.

माझ्या पिशवीत फिनॉल्फ्थॅलीनची छोटी बाटली असते. शाळेच्या प्रयोगशाळेत बघितलेलं तेच द्रावण. सुटलेल्या जागेच्या कडेला छिन्नीनं ताजा तुकडा पाडला, धूळ फुंकून टाकली आणि फवारा मारला. काँक्रीट शाबूत असेल तर ते झटकन गडद गुलाबी होतं. इथे वरचा सगळा भाग राखाडीच राहिला. गुलाबी रेघ दिसली ती सळईच्याही मागे, बोटभर आत. म्हणजे सळईचं संरक्षण कधीच गेलं होतं. भाची बराच वेळ त्या रेघेकडे बघत उभी होती.

यापुढची तपासणी यंत्रांची. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, अल्ट्रासॉनिक पल्स आतल्या पोकळ्या आणि भेगा, कव्हर मीटर सळई किती खोल आहे ते, आणि हाफ-सेल चाचणी कुठे गंज चालू असण्याची शक्यता आहे ते. प्रत्येक घराला या सगळ्यांची गरज नसते. वीस वर्षांच्या आतलं, कोरडं, तडे नसलेलं घर अनुभवी डोळ्यांनी दोन तासांत बघून होतं. आपल्या देशात होम इन्स्पेक्टरचं वेगळं लायसन्स नाही, त्यामुळे पाटी लावणाऱ्या कोणालाही बोलवू नका. महानगरपालिकेच्या नोंदीत असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्या. आणि दलालानं सुचवलेला घेऊ नका. तो माणूस वाईट असेल म्हणून नव्हे, पण त्याला पुढचं कामही त्याच दलालाकडून मिळणार असतं.

फ्लॅट असेल तर आपल्या चार भिंतींवर थांबू नका. गच्चीवर जा, चायना मोझेकच्या फुटलेल्या जागा आणि पाण्याच्या टाकीखालचे बीम बघा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं का ते वॉचमनला विचारा. आणि पार्किंगमध्ये उभं राहून कॉलम नीट बघा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादमधल्या ज्या इमारती पडल्या, त्यांतल्या पुष्कळ हॉलो प्लिंथच्या होत्या, म्हणजे खाली नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले. हादऱ्यात तो मोकळा मजलाच आधी मान टाकतो. म्हणून पार्किंगमधला कॉलम कोणी तासलाय का, दुकानासाठी भिंत पाडलीय का, पाइप न्यायला बीममध्ये भोक पाडलंय का, हे बघायचं. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडचे लाकडी खांबांचे जुने वाडे ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक खांबाच्या बुंध्याशी आणि तुळईच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी दाबून बघा. वाळवी बाहेरून लाकूड तसंच ठेवते आणि आतून पोकळ करते.

बाकीच्या गोष्टी पटकन होतात. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता, ते जाळीकडे जातं की दाराकडे ते बघा. टाइल्सवर नाण्यानं टकटक करा, पोकळ वाजली तर खाली मसाला नाही. महापालिकेचं पाणी ज्या वेळेला येतं त्या वेळेला जाऊन नळाचा जोर बघा, दलाल नेमका दुपारी दाखवतो. इलेक्ट्रिशियनला फेज आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजायला लावा, ते २३० च्या आसपास यायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबा, खटका पडायलाच हवा. रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) आणि मंजूर नकाशा घेऊन घरातून फिरा. नकाशात नसलेली खोली उभी असेल तर कायद्याचा प्रश्न आहेच, पण मूळ पायावर न धरलेलं वजनही आहे.

अहवाल आला की त्याचं काय करायचं? त्यात पंधरा-वीस दोष असणारच, निर्दोष जुनं घर मी पाहिलेलं नाही. नळ, टाइल्स, रंग, खिडकीचा डाग यांवर घर सोडू नका. वायरिंग, ड्रेनेज, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यांचे अंदाजपत्रक ठेकेदाराकडून लिहून घ्या आणि ते समोर ठेवून किमतीचं बोला. आकडा कागदावर असला की मालकही शांतपणे ऐकतो. गंजलेला स्लॅब, हलणारा पाया, दर पुरात बुडणारं जोतं यांच्यापुढे मात्र पुन्हा पुन्हा विचार करा. बानाखत आधी करावंच लागत असेल, दुसरं गिऱ्हाईक दारात असेल, तर त्यात एक ओळ वकिलाकडून घालून घ्या: स्ट्रक्चरल तपासणीत मोठा दोष निघाला तर घेणाऱ्याला इसाराची रक्कम पूर्ण परत मिळेल, इतक्या दिवसांत. ही ओळ नसताना मागे फिरलात तर इसार बुडू शकतो.

भाचीनं ते घर घेतलं नाही. पण तपासणीचा अहवाल तिनं स्वतःजवळ ठेवून दिला नाही, एक प्रत मालकांकडे नेऊन दिली. मीही बरोबर होते. गिऱ्हाईक गेलं म्हणून आजी थोड्या हिरमुसल्या होत्या. आजोबांनी चष्मा लावून गुलाबी रेघेचा फोटो बघितला, छताकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे आम्ही रोज याच्याखाली झोपतो?" मी हो म्हटलं. त्याच रात्री त्यांनी पलंग पुढच्या खोलीत घेतला, आणि आठवड्याभरात टाकी फोडून खाली उतरवली.